खुनाच्या गप्पा आणि व्यवहाराबाहेरचा माणूस

खुनाची हकीकत ऐकण्याची ओढ माणसाला आजच लागली आहे असे नाही. १९५९ साली मुंबईत नानावटी खटला उभा राहिला तेव्हा न्यायालयाबाहेर लोटलेली गर्दी आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने चालविलेली मोहीम हे त्या ओढीचेच दर्शन होते. ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा मताने आरोपीला निर्दोष ठरविले. पुढे उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. या गदारोळात ज्याचा जीव गेला तो प्रेम आहुजा लोकांच्या लेखी केवळ कथेतला खलपुरुष होऊन राहिला. मृताच्या वाट्याला येणारी ही उपेक्षा आता एका भरभराटीच्या धंद्याचा भाग झाली आहे. म्हणून तिचा विचार करणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेत जानेवारी २०१६ मध्ये ‘माय फेवरिट मर्डर’ हा पॉडकास्ट सुरू झाला. कॅरन किलगॅरिफ आणि जॉर्जिया हार्डस्टार्क या दोघी त्यात एकमेकींना खऱ्या खुनांच्या हकीकती सांगतात. मध्येच हसतात, घरातल्या मांजरांविषयी बोलतात, स्वतःच्या मानसिक आजाराविषयी आणि व्यसनाविषयीही मोकळेपणाने सांगतात. दोन मैत्रिणी ओट्यावर बसून बोलाव्यात तसा हा प्रकार. श्रोते स्वतःला ‘मर्डरिनो’ म्हणवून घेतात, आपल्या गावात घडलेल्या खुनांच्या हकीकती लिहून पाठवितात आणि नाट्यगृहांतील प्रयोगांना गर्दी करतात. २०२२ साली ॲमेझॉनने या कार्यक्रमाशी करार केला, तेव्हा त्याची रक्कम १० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे वृत्त होते.

या श्रोत्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. त्यांना विकृत ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, खऱ्या गुन्ह्यांवरील पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक ओढल्या जातात, आणि जीव वाचविण्याची एखादी युक्ती त्यात असेल तर ही ओढ वाढते. म्हणजे हे ऐकणे भीतीतून आलेले आहे. संकटाची शंका येताच सभ्यतेचा संकोच झुगारून द्या, असा या कार्यक्रमाचा उपदेश असतो. ‘लोक काय म्हणतील’ या धाकात वाढलेल्या मुलीला तो मोलाचा वाटावा, यात नवल नाही.

तथापि, या भीतीचा रोख बरोबर आहे काय? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे ८५ हजार स्त्रिया व मुलींचा हेतुपुरस्सर खून झाला. त्यांपैकी सुमारे ५१ हजार, म्हणजे शंभरातील साठ, पती, जोडीदार किंवा नातलग यांच्या हातून मेल्या. चवीने सांगण्याजोगी गोष्ट मात्र अनोळखी, क्रूर, अनेकांना मारणाऱ्या खुन्याची असते. रोजच्या मारहाणीतून झालेला खून गप्पांत रंग भरीत नाही. जो माल खपतो तोच दुकानात दिसतो, आणि ग्राहक त्यालाच सारे जग समजू लागतो. परिणामी अंधाऱ्या रस्त्याची भीती वाढते, आणि उंबरठ्याआडचा धोका नजरेआडच राहतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. कारखानदार माल विकतो, ग्राहक तो घेतो, दोघेही संतुष्ट असतात. धूर मात्र शेजाऱ्याच्या छातीत जातो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. खुनाच्या गप्पांत सांगणारा कमावतो, ऐकणाऱ्याचे मन रमते, आणि किंमत मोजतात ते मृताचे आप्त. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. बाल्टिमोर येथे १९९९ साली एका शाळकरी मुलीचा खून झाला. २०१४ साली ‘सीरियल’ या पॉडकास्टने त्या प्रकरणाचा शोध घेतला आणि शिक्षा झालेल्या तरुणाच्या खटल्याकडे जगाचे लक्ष वेधले. न्यायालयीन चुकांवर प्रकाश पाडणे हे लोकहिताचेच काम होय. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची शिक्षा रद्द करण्याबाबत सुनावणी झाली, तेव्हा मृत मुलीच्या भावाने न्यायालयाला सांगितले की, आपल्यासाठी हा पॉडकास्ट नाही, खरे आयुष्य आहे. एवढे साधे सत्य त्याला सांगावे लागले, यातच सर्व काही आले.

मग यावर उपाय कोणता? बंदी हा उपाय नव्हे. उपाय श्रोत्यांच्याच हाती आहे. ‘माय फेवरिट मर्डर’च्या निवेदिका सुरुवातीला बेफिकीर शब्द वापरीत, तपशिलात चुका करीत. श्रोत्यांनी हरकत घेताच त्यांनी शब्द बदलले, आणि चुकांची दुरुस्ती हा कार्यक्रमाचा एक नेहमीचा भाग झाला. ग्राहकाने मागणी केली की मालाची प्रत सुधारते, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडला. तेव्हा मागणी आणखी पुढे गेली पाहिजे. प्रकरण अलीकडचे असेल तर आप्तांना आधी कळविले आहे काय, हे श्रोत्यांनी विचारावे. खुन्याच्या चातुर्याइतकाच वेळ मृताच्या आयुष्याला द्यावा, असा आग्रह धरावा. आणि घरबसल्या तपास करून कोणाही माणसाला आरोपी ठरवू नये; २०२२ साली आयडाहो राज्यात चार विद्यार्थ्यांचे खून झाल्यावर एका निरपराध प्राध्यापिकेवर समाजमाध्यमांतून असाच आरोप झाला आणि नाव निष्कलंक करण्यासाठी तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आपल्या गल्लीत कोणी मेले तर त्या घरासमोरून जाताना आपण आवाज खाली आणतो. हे आपल्याला कोणत्याही कायद्याने शिकविलेले नाही. ते घर हजारो मैलांवर असले आणि गोष्ट कानातल्या यंत्रातून येत असली, तरी ही रीत मोडण्याचे कारण नाही.