नगरसेवक आपण निवडायचे आणि महापौर सरकारने बसवायचा?



महानगरपालिकेची निवडणूक म्हटली की आपल्यातले पुष्कळजण हात झटकतात. "ते पुढाऱ्यांचे काम, आपला मालक दिल्लीत," असे म्हणतात. रेल्वेवाला रेल्वे बोर्डाकडे बघतो, पोस्टवाला डाक भवनाकडे. पण नळाचे पाणी दिल्लीहून येत नाही, कचऱ्याची गाडी रेल्वे बोर्ड पाठवीत नाही, आणि पोस्टमन ज्या खड्ड्यांतून टपालाची पिशवी घेऊन सायकल हाकतो ते खड्डे डाक भवन बुजवीत नाही. म्हणून या वेळी आम्ही जयपूरच्या निवडणुकीची हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहोत. जयपूर लांब असले तरी उत्तर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय २००२ पासून तिथेच आहे. आणि जे तिथे घडले ते आपल्या दारातही घडले आहे.

जयपूर स्टेशनच्या बाजूला सिविल लाइंस हा भाग आहे. राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री यांचे बंगले तिथेच. त्याच सिविल लाइंस मतदारसंघात हसनपुऱ्यासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्याही आहेत. मत बंगल्यातल्या माणसालाही एकच आणि वस्तीतल्या माणसालाही एकच. पण मतपेटी उघडल्यानंतर जे होते त्यात वस्तीचा वाटा किती?

जयपूरची महानगरपालिका एक होती. २०१४ मध्ये तिचे ९१ वॉर्ड होते आणि त्यातले ६४ भाजपने जिंकले. २०१९ मध्ये काँग्रेसच्या राज्य सरकारने तिचे दोन तुकडे केले. हेरिटेजचे १०० वॉर्ड, ग्रेटरचे १५०. सिविल लाइंस विभाग हेरिटेजमध्ये गेला. निवडणूक वर्षभर लांबली आणि ३ नोव्हेंबर २०२० ला निकाल लागला. ग्रेटरमध्ये भाजप ८८, काँग्रेस ४९, अपक्ष १३. हेरिटेजमध्ये काँग्रेस ४७, भाजप ४२, अपक्ष ११. म्हणजे हेरिटेजच्या जनतेने कोणालाच बहुमत दिले नव्हते. आठवड्याभरात महापौरपदाचे मतदान झाले. काँग्रेसच्या मुनेश गुर्जर यांना ५६ मते, विरोधी उमेदवार कुसुम यादव यांना ४४. सत्तेचाळीसचे छप्पन्न झाले ते अपक्षांच्या जोरावर. ज्या मतदाराने दोन्ही पक्षांना नाकारून अपक्ष निवडला, त्याला विचारायला कोण गेले होते?

इथवर जे झाले ते निदान कायद्याच्या चौकटीत झाले. पुढचे ऐका. २०२३ मध्ये पट्ट्याच्या लाच प्रकरणात महापौरांच्या पतीला अटक झाली आणि राज्य सरकारने, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या सरकारने, महापौरांना निलंबित केले. न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, सरकारने पुन्हा निलंबन केले. सरकार बदलले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या भाजप सरकारनेही निलंबित केले. कार्यवाहक महापौर म्हणून कोण बसले? त्याच कुसुम यादव. सभागृहात ४४ मते पडून ज्यांची हार झाली, त्या सरकारी आदेशाच्या एका कागदाने खुर्चीवर आल्या. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील, त्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. आमचा प्रश्न एवढाच : ५६ विरुद्ध ४४ हा निकाल फिरविण्याचा अधिकार मतदाराचा की मंत्र्याचा?

ग्रेटरमध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने झाली. भाजपच्या महापौर सौम्या गुर्जर यांना काँग्रेस सरकारने जून २०२१ मध्ये निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयातून त्या फेब्रुवारी २०२२ मध्ये परत आल्या. सप्टेंबरमध्ये त्यांना पदावरून काढले. १० नोव्हेंबरला नव्या महापौरासाठी मतदान चालू असतानाच उच्च न्यायालयाने काढण्याचा आदेश रद्द केला! मार्च २०२५ मध्ये भाजप सरकारने दोन्ही महापालिका पुन्हा एक करून १५० वॉर्ड करायचे ठरविले. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा नवे नगरसेवक निवडून आलेले नव्हते, प्रशासक आला. एकाने तोडले, दुसऱ्याने जोडले, आणि दोन्ही वेळा निवडणूक लांबली. या खेळात दोन्ही झेंडे सारखेच!

घटनेच्या २४३-यू कलमात स्पष्ट लिहिले आहे की पालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे. मग मुंबईत काय झाले? ७ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाने उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वस्तीतल्या बाईने पाण्यासाठी कोणाच्या दारात जायचे तेही तिला ठाऊक नाही!

आता आपल्या घराकडे पाहू. आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो त्या एका रेल्वे वसाहतीत पावसाळ्यात गटार तुंबले की पाणी क्वार्टरमध्ये शिरते. पालिकेकडे जावे तर साहेब म्हणतात, "जमीन रेल्वेची, कर मिळत नाही." रेल्वेच्या ऑफिसात जावे तर उत्तर मिळते, "मोठा नाला पालिकेचा." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! केंद्राच्या मालमत्तेवर कर नाही हे खरे, घटनेचे २८५ कलमच आहे. पण २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे ठरले की केंद्राच्या खात्यांनी सेवा आकार द्यायचा. सर्व सेवा मिळत असतील तर कराच्या ७५ टक्के, काही मिळत असतील तर ५० टक्के, काहीच मिळत नसतील तरी ३३⅓ टक्के. हा हिशेब कोणत्या नगरसेवकाने सभागृहात मागितला? तो मागणार नाही, कारण आपली वसाहत त्याच्या हिशेबात नाही. निम्म्या लोकांची नावे अजून गावाकडच्या मतदार यादीत. उरलेल्यांपैकी कोणी लाइनवर, कोणी रात्रपाळी करून झोपलेला.

दुसऱ्याकडे बोट दाखविताना तीन बोटे आपल्याकडे असतात. रेल्वे युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान २०१३ मध्ये झाले, त्यानंतर थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात मान्यतेच्या सवलती उपभोगणाऱ्या आम्हा पदाधिकाऱ्यांपैकी किती जणांनी "आमची मुदत संपली, मतदान घ्या," असे मोठ्याने म्हटले? हा कडू घोट आम्ही गिळतो, कारण तो गिळल्याशिवाय प्रशासकाविरुद्ध बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आचरण नियमांमुळे आपण स्वतः उभे राहू शकत नाही, प्रचार करू शकत नाही. पण मत देता येते. निवृत्त सहकारी उभे राहू शकतात. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्या घरातील भगिनींना कोणी अडविलेले नाही. म्हणून प्रत्येक शाखेने पुढील कामे अंगावर घ्यावीत :

१. वसाहतीतील प्रत्येकाचे नाव राहत्या वॉर्डाच्या यादीत घालून घ्यावे.

२. मतदानाच्या दिवशी लोको पायलट, गार्ड आणि पाळीवाल्यांना मत देता येईल असे रोस्टर आधीच मागावे.

३. सेवा आकार भरला किती आणि त्यातून वसाहतीत काम झाले किती, याचा हिशेब रेल्वे, पोस्ट आणि पालिका या तिघांकडे लेखी मागावा.

४. पालिकेची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून निवडणुकीची मागणी करावी, मग सरकार कोणत्याही रंगाचे असो.

सिविल लाइंसच्या बंगल्यातला माणूस दर निवडणुकीनंतर बदलतो. वस्तीतला माणूस तिथेच राहतो, नळ कोरडा असला तरी. त्याचे मत वाया घालविणाऱ्यांना जाब विचारणे हे युनियनचेच काम आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!