आवड असावी, पक्षपात नसावा

'तरफदारी' हा शब्द आपण घरी उर्दूत वापरतो. तो मराठीतही आहे. 'तरफ' म्हणजे बाजू. 'शाळेतर्फे', 'एकतर्फी', 'दुतर्फा' हे मराठी शब्द त्याच घराण्यातले. याच्या जवळचा दुसरा शब्द म्हणजे 'पक्षपात'. पक्ष म्हणजे बाजू, पात म्हणजे पडणे. तराजूचे एक पारडे उगाच खाली जावे, तसे मन एका बाजूला झुकणे, हा पक्षपात.

दोन्ही शब्द शेजारी असले तरी त्यांचा वापर सारखा नाही. 'शाळेत वाचनालय हवे, या मागणीची मी तरफदारी केली,' असे माणूस चारचौघांत अभिमानाने सांगतो. 'मी पक्षपात केला,' असे मात्र कोणी सांगत नाही. हा शब्द बहुधा दुसऱ्याविषयीची तक्रार म्हणूनच येतो.

मग मनात आवडनिवड असूच नये काय? तसे मुळीच नाही. कोणाला आंबा आवडतो, कोणाला खजूर. एखादा मित्र इतरांपेक्षा जवळचा असतो. यात कोणाचे काही जात नाही. माझ्या मते, दुसऱ्याचा हक्क आपल्या हाती असतो आणि तिथेही आपण आवड चालवतो, तेव्हा आवडीचा पक्षपात होतो. वर्गप्रमुखाने डबा खुशाल मित्राबरोबर खावा. पण गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिताना मित्राचे नाव गाळू नये.

क्रिकेटचे उदाहरण पाहा. पूर्वी कसोटी सामन्यात सहसा यजमान देशाचेच पंच असत. पाहुण्या संघाच्या मनात शंका राही. 1986 साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांचा सामना झाला. त्यासाठी पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच बोलावले गेले. पुढे 1994 पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तिसऱ्या देशाचा नेमला जाऊ लागला आणि 2002 पासून दोन्ही. अशा पंचाला मराठीत 'तटस्थ' म्हणतात. तट म्हणजे काठ. प्रवाहात न शिरता जो काठावर उभा राहतो, तो तटस्थ. उर्दूत त्यालाच आपण 'गैरजानिबदार' म्हणतो. यजमान देशाचे सगळेच पंच पक्षपाती होते असे नाही. पण पराभूत संघालाही निकाल मनापासून मान्य व्हावा, यासाठी ही काळजी घ्यावी लागली.

आपल्या संविधानात न्यायाधीशांसाठी शपथ दिलेली आहे. तिच्यात 'आकस' नको असे आहे, तसाच 'ममत्वभाव'ही नको असे आहे. द्वेषाने अन्याय होतो हे सर्वांना कळते. प्रेमानेही अन्याय होतो, हे लवकर ध्यानात येत नाही.

काही जण म्हणतात, 'आपल्या माणसाला मदत केली तर बिघडले कुठे?' मदत जरूर करावी. पण ती आपल्या खिशातून आणि आपला वेळ खर्चून करावी. रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्याचा नंबर काढून तो आपल्या माणसाला देणे, ही मदत नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. 'पक्षपात' हा शब्द आपण फार सहज वापरतो. सर गणितात कच्च्या मुलाला जादा वेळ देतात. तापाने फणफणलेल्या धाकट्याजवळ अम्मी रात्रभर बसते. हा पक्षपात नव्हे. ज्याला जास्त गरज, त्याला जास्त देणे हाही न्यायच आहे. म्हणून कोणावर असा आरोप करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: यात कोणाचा हक्क गेला? कोणाचाच गेला नसेल, तर तो शब्द उच्चारू नये. आणि गेला असेल, तर देणारा आपला मित्र असला तरी तो शब्द गिळू नये.