पारायणाने प्रज्ञा जागी होत नाही!

आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. संगमनेरातही वाचला जातो. चांगलेच आहे. पण आम्ही विचारतो, तीन महिन्यांत प्रश्न किती निघाले? एकाने वाचायचे, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचे, शेवटी खीरदान करायचे आणि ग्रंथ कापडात गुंडाळून ठेवायचा. मग सप्ताहातल्या पारायणात आणि यात फरक काय? पोथी बदलली, पद्धत तीच!

काहीजण सांगतात, श्रद्धेने वाचत राहा, अंतरीची प्रज्ञा आपोआप जागी होईल. हे धम्माचे बोलणे नव्हे. १९५६ च्या बीबीसीवरील भाषणात बाबासाहेबांनी प्रज्ञेचा अर्थ स्पष्ट केला: अंधश्रद्धा आणि अतिनैसर्गिकता नाकारणारी समज. ती कानाने येत नाही, तपासण्याने येते.

बाबासाहेबांनी स्वतः तसेच वाचले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने त्याआधी हे कधी पाहिलेच नसेल? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला शाक्य-कोलियांचा वाद पुढे ठेवला. शाक्य संघाला युद्ध हवे होते. सिद्धार्थ म्हणाला, दोन्हीकडून दोघे-दोघे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा. बहुमत विरोधात गेले. कुटुंबावर सामाजिक बहिष्काराची, जमीनजप्तीची धमकी आली. त्याने परिव्रज्या पत्करली, पण युद्धाला होकार दिला नाही.

हे प्रवरेकाठी बसून वाचताना आपल्याला आपले पाणी आठवू नये? निळवंडे प्रकल्पाला मंजुरी १९७० ची, डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ चे. ५३ वर्षे! आणि कालव्याचे पाणी जाते शेताला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराचा त्यात वाटा किती? ग्रंथ डोळे उघडून वाचला तर हा प्रश्न त्याच पानावर भेटतो.

‘प्रश्न विचारले की वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेला धक्का बसतो,’ हा नेहमीचा आक्षेप. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्या आमच्या आया-आज्यांनी विहारात बसून हा ग्रंथ कानांत साठवला. त्याचे मोल आम्ही जाणतो. पण पदवीधर पोरांनीही नुसते ऐकूनच उठायचे? मग त्यांच्या शिक्षणाचा उपयोग काय?

दुसरीकडे नुसत्या हुशारीचेही आम्हाला कौतुक नाही. शीलाशिवाय विद्या घातक, हे त्याच ग्रंथात आहे. चर्चेत जिंकणारा आणि वस्तीतल्या भांडणात गप्प बसणारा प्रज्ञावंत नव्हे.

तरुणांनो, रोज थोडेच वाचा. पण वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. हे बुद्धीला पटते का? यात माणसाचे हित आहे का? आपल्या गावात याचे काय करायचे? पहिले दोन निकष बाबासाहेबांनीच दिले आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे.

जय भीम!