दिवाळीत आगगाडी घेऊ नये!

वाचकहो, जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवण्याचा मला नाद, आणि घरखर्चाची वही सौ.च्या हाती! तेव्हा स्वस्ताई शोधणे आलेच. अनुभवाने सांगतो, दिवाळी-नाताळात गाडी घेऊ नये. तेव्हा प्रत्येक बापाला बालपण आठवते आणि भाव चढतात. मी चोरबाजारात जातो तो भर श्रावणात. दुकानदाराकडे नुसती ‘आगगाडी’ मागावी, ‘हॉर्नबी’ म्हणू नये! लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींच्या या किल्लीच्या गाड्या १९२० साली निघाल्या. रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. घेताना किल्ली देऊन पाहावी, गंज पाहावा, आणि चाकांना तडे नाहीत ना, तेही. १९३०च्या सुमाराची जस्तमिश्रित चाके कधी कधी भुगा होतात.

गेल्या श्रावणात शेजारच्या आजींनी यजमानांची अशीच गाडी मला दोनशे रुपयांत दिली. पिशवीत घातली, पण जिन्यातच पाय अडखळला. दुकानदाराशी घासाघीस वेगळी. आजींना काय ठाऊक? परत जाऊन खरी किंमत सांगितली.

“अगंबाई! मग विकत नाही. नातवालाच देते.”

गाडी हुकली. पण त्या संध्याकाळी सौ.ने न मागता दुसरा चहा दिला!