कलमाची फांदी खोटी कशी?

बोन्साय करणाऱ्यांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो. जुनिपरला हवी तिथे फांदी नव्हती म्हणून कुणी ती कलम करून लावली, तर ते झाड 'खरं' की 'बनवलेलं'? बरेच जण नाक मुरडतात. म्हणे ही चीटिंग आहे! माझं मत साफ उलट आहे.

दिवसभर जावा लिहिणाऱ्याने झाडांवर कशाला बोलावं, असं तुम्ही म्हणाल. पण मी लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा. आमच्याकडे शेत म्हटलं की सोयाबीन आणि कापूस, तरी संत्र्याची बाग कशी उभी राहते हे विदर्भात कुणालाही विचारा. जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. नाशिक-सांगलीकडची कितीतरी द्राक्षं डॉगरिजच्या मुळांवर वाढतात. "हे संत्रं खोटं, खाली जंबेरी आहे" असं म्हणत कुणी फोड बाजूला ठेवलेली ऐकलीय?

मुळात कोनिफरला कलम लागतं का? वड, उंबर, चिंच कुठेही छाटा, जुन्या लाकडातूनही कोंब येतात. जुनिपर किंवा पाईनचं तसं नाही. फांदीवरची सगळी हिरवळ गेली की ती फांदी सहसा पुन्हा फुटत नाही. बंगल्यासमोरची मोरपंखी आठवा. कात्री जरा जास्त आत गेली की तपकिरी भगदाड पडतं आणि तसंच राहतं. मग जुन्या, सुंदर खोडावर खालच्या बाजूला फांदी हवी असेल तर करायचं काय? तीस वर्षं वाट पाहिली तरी तिथे काही उगवणार नाही.

आणि कलम हा काही शॉर्टकट नाही हो. आंब्याच्या काडीची पानं काढून टाकता येतात. जुनिपरच्या काडीला मात्र हिरवळ ठेवावीच लागते, आणि ती जोड बसेपर्यंत पाणी उडवत राहते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तोडलेली काडी म्हणूनच पटकन वाळते. त्यापेक्षा भेट कलम बरं. कोकणात पूर्वी आंब्याला करायचे तेच. कुंडीतलं छोटं रोप जुन्या झाडाशेजारी ठेवायचं, दोन्हींची साल तासायची, सालीखालचे हिरवे थर निदान एका बाजूला तरी नीट जुळवायचे आणि घट्ट बांधायचं. रोप स्वतःच्या मुळांवर जगत असतं, त्यामुळे घाई नसते. वर्ष-दीड वर्षाने जोड पक्की वाटली की रोपाचं खालचं खोड एकदम न तोडता थोडं थोडं कापत जायचं. (रिलीज डेट विचारणाऱ्या मॅनेजरने या छंदात पडू नये.)

जपानमध्ये तर यात लाज कसलीच नाही. पाच सुयांचा पाईन काळ्या पाईनच्या मुळांवर चढवतात, आणि जुन्या जुनिपरची भरड पानं बदलून त्यावर इतोइगावा शिंपाकूची नाजूक हिरवळ आणतात. दोन्ही झाडांची जनुकं आपापल्या जागीच राहतात. जोडाच्या वर शिंपाकू, खाली मूळ झाड. रस मात्र एकच वाहतो.

माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. जोड न धरलेली फांदी तारेने आवळून, वर शेवाळ लावून 'पन्नास वर्षांचं झाड' म्हणून विकणं. किंवा मेलेल्या सुंदर लाकडाला खाच पाडून त्यात कोवळं रोप बसवायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचंच नाही. या प्रकाराला जपानीत 'तानुकी' म्हणतात, लोककथांमध्ये रूप बदलून माणसांना फसवणारा प्राणी. सांगून केलं तर माझी त्यालाही ना नाही. विकत घेणाऱ्याने मात्र फांदीचा सांधा बघावा. जुनी जोड सालीने भरून आलेली असते, नवीन जोडीला फट दिसते.

आणि गावाकडच्या मित्रांनो, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या उथळ कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. तिथे जुनिपरच्या नादी लागू नका. वड घ्या. त्याला फांदी हवी तिथे तो बहुतेक वेळा स्वतःच काढतो.