चष्म्याचा नंबर लेझरने जातो कसा?

घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘आधी तो चष्मा काढून टाक, हल्ली दहा मिनिटांत होतं.’’ ऑपरेशन झटपट होतं हे खरं आहे. पण त्याआधीच्या तपासण्या नीट झाल्या नाहीत, तर आयुष्यभराचा त्रास मागे लागू शकतो. म्हणून तारीख ठरवण्याआधी एवढं समजून घ्या.

नंबर का लागतो?

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाला कॉर्निया म्हणतात. प्रकाश वळवून पडद्यावर आणण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. डोळा थोडा लांबट असेल तर प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि लांबचं धूसर दिसतं. हा झाला मायनस नंबर. डोळा आखूड असेल तर प्लस आणि कॉर्नियाचा बाक सगळीकडे सारखा नसेल तर सिलिंड्रिकल नंबर लागतो.

लेझर नेमकं काय करतो?

लेझर डोळ्याची लांबी बदलत नाही, कॉर्नियाचा आकार बदलतो. मायनस नंबर असेल तर मधला भाग किंचित चपटा केला जातो. यासाठी वापरला जाणारा एक्सायमर लेझर आजूबाजूचा भाग न भाजता अतिशय पातळ थर काढतो. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा करून पाहिलं, तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर!

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. टाके लागत नाहीत. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो, फक्त वरचा नाजूक थर काढतात. तो भरून येईपर्यंत काही दिवस डोळे दुखतात. स्माइलमध्ये छोट्या छेदातून भिंगासारखा पातळ तुकडा बाहेर काढतात.

जाडीचा हिशेब

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. समजा, तुमची जाडी ५४० मायक्रॉन आणि नंबर मायनस ५ आहे. पापुद्र्याचे ११० आणि प्रत्येक नंबरमागे साधारण १५ प्रमाणे ७५ मायक्रॉन वजा केले, तर खाली ३५५ उरतात. हा थर २५० पेक्षा कमी उरता कामा नये. म्हणूनच मैत्रिणीचं झालं, म्हणून तुमचंही होईलच असं नाही.

कुणी थांबावं?

• वय १८ पेक्षा कमी असेल किंवा वर्षभरात नंबर बदलला असेल.

• तुम्ही गर्भवती असाल किंवा बाळाला दूध पाजत असाल. हार्मोन्समुळे नंबर बदलू शकतो.

• डोळे खूप कोरडे पडत असतील.

• कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, म्हणजे केराटोकोनस असेल. यात लॅसिक केलं तर नजर आणखी बिघडते. घरात कुणाला हा आजार असेल किंवा सतत डोळे चोळायची सवय असेल, तर डॉक्टरांना न विचारताच सांगा.

कॉन्टॅक्ट लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. त्यामुळे तपासणीआधी लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या, ते विचारून घ्या.

नंतर काय?

काही महिने डोळे कोरडे वाटणं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं, असा त्रास अनेकांना होतो. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो, पण सगळ्यांचा पूर्ण जातोच असं नाही. डोळे चोळू नका आणि डॉक्टर सांगेपर्यंत काजळ, आयलायनर, पोहणं बंद ठेवा.

चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागू शकतो, कारण तो डोळ्यातल्या भिंगाचा प्रश्न आहे. मायनस नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो, म्हणून पडद्याची तपासणी सोडू नका. ऑपरेशनआधीचे रिपोर्टही जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला ते उपयोगी पडतात.

आणि सगळ्या तपासण्यांनंतर डॉक्टर ‘‘तुमच्यासाठी हे नको’’ म्हणाले, तर नाराज होऊन लगेच दुसरं क्लिनिक शोधू नका. त्यांनी तुमची नजर वाचवली असेल. चष्मा हा काही दोष नाही. तो काढायचा असेल तर स्वतःच्या सोयीसाठी काढा, बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी नव्हे.