मुलीची सायकल विकू नका

वस्तीत मुलीची सायकल कधी विकली जाते, हे आम्हाला आता पाठ झाले आहे. मुलगी सातवी-आठवीत जाते, पाळी सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत तिची सायकल एकतर धाकट्या भावाकडे जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. कोणी ओरडत नाही, कोणी मारत नाही. "आता मोठी झालीस" एवढेच म्हणतात. आम्हीही यातल्याच. नर्सिंगचा डिप्लोमा केला, वर्षानुवर्षे वॉर्डात ड्युट्या केल्या, बायकांना शरीरशास्त्र समजावले, तरी आमच्या घरातली सायकल आठशे रुपयांना गेली. लेकीने विचारले तेव्हा जागेची अडचण सांगितली.

म्हणून हा लेख दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहिलेला नाही.

कोपरखैरणेच्या आमच्या वस्तीत गेल्या पावसाळ्यानंतर दर रविवारी सकाळी विहारासमोर मुली आणि काही आया सायकली घेऊन जमू लागल्या. सायकली कसल्या, कोणाची आत्याने दिलेली, कोणाची भंगारातून सोडवलेली. तेवढ्यात एका दहावीतल्या मुलीने बातमी आणली की पुण्याला जगभरचे सायकलपटू येणार आहेत. १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' होणार होती. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची अशी शर्यत आपल्या देशात पहिल्यांदाच. पहिल्या दिवशी शहरातली छोटी फेरी, मग चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. त्यातला एक टप्पा मुळशी-मावळातून. मुलींनी ठरवून टाकले की बघायला जायचे आणि सायकलनेच जायचे. घाट चढून.

आम्ही आधी नाहीच म्हटले. मग म्हटले, रक्त तपासू, तब्येती बघू आणि ठरवू.

डिसेंबरात तपासणी केली. बारा मुलींपैकी आठ जणींचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली. यात नवल काही नाही. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या आहेत. पण नववीतल्या एका मुलीचे ८.६ निघाले, तेव्हा आम्ही गप्प झालो. ही मुलगी सायकलवर सगळ्यात पुढे असायची. जिना चढताना धाप लागते का, असे विचारले तर म्हणाली, "लागते, पण ती सगळ्यांनाच लागते ना?" तिच्या आईलाही लागते, आजीलाही लागते. घरात तिन्ही पिढ्यांना धाप लागत असेल तर धाप हा आजार आहे हे कळणार कसे?

दुसरी एक मुलगी मूळची चंद्रपूरकडची. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पण मुंबईकडे येऊन दोन पिढ्या झाल्या की तपासणी मागे पडते. तिची केली. ती वाहक निघाली, म्हणजे रिपोर्टवर 'एएस'. वाहकाला एरवी त्रास नसतो; खेळायला, सायकल चालवायला हरकत नसते. मात्र जोरकस मेहनत आणि अंगात पाणी कमी, ही जोडी तिने टाळायची. 'एसएस' असते तर गोष्ट वेगळी होती. मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही तिला घाटाच्या पायथ्याशीही नेले नसते. ज्यांचे मूळ गाव विदर्भात आहे त्यांनी लग्नाची बोलणी सुरू व्हायची वाट न बघता मुलामुलींची ही तपासणी आधीच करून घ्यावी.

शेवटी सहा मुली, तीन आया आणि मागे सामानाचा एक टेम्पो. ८.६ वालीला टेम्पोत बसवले. ती आमच्याशी दोन दिवस बोलली नाही.

सोमवारी, १९ तारखेला पहाटे साडेचारला निघालो. तुर्भे, पनवेल, मग जुना मुंबई-पुणे रस्ता. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. चौकच्या अलीकडे एका चहावाल्याने विचारले, "मोर्चा कुठे चाललाय?" आम्ही म्हटले, सायकली बघायला. तो आमच्या सायकलींकडे बघून हसला.

खोपोलीपासून बोरघाट सुरू होतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि ती उंची थोड्याच किलोमीटरांत चढायची. मुंबई-पुणे सायकल शर्यत वर्षानुवर्षे याच घाटातून होत आली आहे. घाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आम्ही कसल्या राजा! बिनगिअरच्या सायकली, अर्धा घाट ढकलत नेला. वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. या डोंगरातली वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि त्यानंतर त्याचाच जीव घेतला, असे सांगतात. मुलींना ती गोष्ट सांगितली. एक म्हणाली, "म्हणजे रस्ता त्याचा, आणि देऊळ मेल्यावर."

घाटात आमची एक चूक झाली. पहाटे निघायच्या घाईत दोघी आया फक्त चहा-बटर खाऊन निघाल्या होत्या. आपल्या बायकांची सवयच ती, सगळ्यांचे डबे भरायचे आणि आपण चहावर निघायचे. घाटाच्या मध्यावर एकीला चक्कर आली, हातपाय गार पडले. रस्त्याच्या कडेला आडवे केले, पाय वर उचलून धरले, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले, मग गूळ-शेंगदाणे. वीस मिनिटांत उठून बसली. हे आमच्यासारख्यांना आधी सुचायला हवे होते.

रात्री लोणावळ्याला मुक्काम केला. मंगळवारी सकाळी निघालो. मळवलीला डावीकडे कार्ले, उजवीकडे भाजे. लेणी बघायची की शर्यत, यावर भांडण झाले आणि शर्यत जिंकली. कामशेतहून आत वळलो आणि मावळातल्या एका चढावर जागा धरली. गावातली सगळी माणसे रस्त्यावर होती. शाळेची पोरे झेंडे घेऊन, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून. रस्ता असा गुळगुळीत की आमच्या मुलींनी खाली बसून हात फिरवून बघितला.

आधी पोलिसांच्या गाड्या, मग मोटारसायकली, शिट्ट्या, आणि मग ते आले. झुंड गेली की वाऱ्याचा झोत अंगावर येतो. मिनिटभरसुद्धा नाही. एवढ्यासाठी दोन दिवस? हो, एवढ्यासाठी. त्या मिनिटात नर्सच्या डोळ्यांना दिसायचे ते दिसले. चढावरसुद्धा ते पाणी पीत होते. एकाने पाठीवरच्या खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकले, सायकल न थांबवता. भूक लागायच्या आधी खायचे आणि तहान लागायच्या आधी प्यायचे, हा त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्याचा नियम. आमच्या चक्कर आलेल्या बाईने आमच्याकडे बघितले आणि मान खाली घातली.

झुंड गेल्यावर दहावीतली ती मुलगी म्हणाली, "ताई, यात एकही बाई कशी नाही?"

ही शर्यत पुरुषांचीच होती. जगातली सगळ्यात मोठी शर्यत, फ्रान्सची, तिथेही बायकांना फार वाट बघावी लागली. १९८४ मध्ये बायकांची शर्यत सुरू झाली, काही वर्षांत बंद पडली आणि आज चालू आहे ती २०२२ पासून. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये, अल्फोन्सिना स्त्रादा नावाची शेतमजुराच्या घरातली बाई इटलीच्या मोठ्या शर्यतीत पुरुषांबरोबर उतरली होती. आपल्याकडे मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी ट्रॅकवर देशाकडून धावतात आणि दोघीही भंडारा जिल्ह्यातल्या. तेव्हा पाय कमी पडत नाहीत. पुढच्या वेळी पुण्यात बायकांचीही शर्यत ठेवा, असे पत्र मुलींनी आयोजकांना लिहिले आहे. आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले.

आता खरे बोलणे. परत आल्यावर आयांची बैठक घेतली, तेव्हा एक आई सगळ्या निघून जाईपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, "सायकलने पडदा जातो म्हणतात. उद्या लग्नात काही झाले तर?" सायकली विकण्यामागे हे असते. जागेची अडचण आपण सांगण्यापुरती सांगतो.

तर उघडच लिहितो. योनीच्या तोंडाशी असलेली ती पातळ त्वचा प्रत्येकीत जन्मापासून वेगळी असते. कोणात जाड, कोणात नावापुरती. ती ताणली जाते. ती बघून कोणाही डॉक्टरला, कोणाही सासूला मुलीबद्दल काहीही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये असल्या कौमार्य चाचण्या बंद करा, त्यांना शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतले काही डॉक्टर म्हणायचे की सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा बिघडतो. त्याला त्यांनी 'सायकल-चेहरा' असे नावही दिले होते. ते डॉक्टर खोटे ठरले. पाळीत सायकल चालवलेली चालते. दुखत असेल तर चालवू नका, बरे वाटत असेल तर चालवा. पुष्कळ जणींचे पोट हलक्या व्यायामाने कमी दुखते.

पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी, असे आरोग्य संघटना सांगते. आपल्या मुलींचा तो तास तेराव्या वर्षी संपतो. काही आया म्हणतात, घरात धुणी-भांडी करते की, तो व्यायामच. पटत नाही. भांडी घासून कंबर वाकते, छातीत दम येत नाही. आणि तिच्या मनाचे काय? ते काम घरचे, सायकल तिची.

रस्त्याचेही बोलायला हवे. शर्यतीसाठी रस्ते नवे झाले, वाहतूक थांबवली. त्याबद्दल तक्रार नाही, आम्ही तर टाळ्या वाजवून आलो. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर महापे-पावण्याच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला सायकलने जाणारा आपला माणूस कंटेनरच्या चाकाला घासून जातो. गावाकडे मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. शहरातल्या वस्तीतली मुलगी त्यात बसत नाही. या दोन्ही गोष्टींसाठी महापालिकेकडे अर्ज द्यायचा आहे. सह्या विहारात रविवारी घेतो.

८.६ वाल्या मुलीच्या डॉक्टरांनी तिला रोजची लोहाची गोळी सुरू केली. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही बचावाची, उपचाराचा डोस वेगळा; तो डॉक्टरांनीच ठरवायचा. जंताची गोळीही दिली. आम्ही सांगितले, गोळी जेवणानंतर घे, वर लिंबू पिळलेले पाणी, आणि पुढे-मागे तासभर चहा नाही. शौच काळी होते, घाबरू नको. पहिल्या आठवड्यात मळमळली म्हणून तिने गोळी सोडली होती, तेव्हा तिच्या आजीने रोज रात्री समोर बसून गिळवली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासले. १०.९.

आकडा ऐकून ती आम्हाला पहिल्यांदा नीट हसली आणि म्हणाली, "बाराला किती दिवस लागतील?" तिच्या आईने मागच्या चाकाची ट्यूब बदलून घेतली आहे.